ऊस ओढताना ट्रॅक्टरचं पुढचं उचलतंय? आधी वजन बघा

मंडळी, गळीत हंगाम सुरू झालाय, रानात अजून ओल आहे, आणि फडातनं भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरचं पुढचं उचलायला लागलं की दोन गडी बंपरवर उभे करायचे हे आपल्याकडं दरवर्षी चालतं. कृपा करून हे बंद करा, एक पाय घसरला की माणूस सरळ चाकाखाली जातो.

होतं काय, दोनचाकी ट्रॉलीचं काही वजन हुकावर येतं आणि हुक असतो मागच्या एक्सलच्याही मागं, त्यामुळं मागची चाकं तराजूच्या काट्यासारखी होतात, मागं दाबलं की पुढं उचलतं. समजा पुढच्या-मागच्या चाकात 2 मीटर अंतर आहे, हुक मागच्या एक्सलपासनं 80 सेंमी लांब आहे आणि हुकावर 1000 किलो आलं, तर पुढनं 400 किलो कमी होतात आणि मागं 1000 नाही, 1400 वाढतात! 2000 किलोच्या ट्रॅक्टरचं पुढचं मुळात 800 च्या आसपास, त्यातलं निम्मं गेलं. स्टेअरिंगला पकड मिळायला ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर हवा, म्हणजे सपाटीलाच आपण काठावर आणि चढाला ओढ लागली की त्याच्याही खाली. पॉवर स्टेअरिंग असेल तर हाताला कळतपण नाही, चाकं वळलेली दिसतात आणि ट्रॅक्टर सरळ बांधाकडं चाललेला असतो.

भुईकाट्यावर गेलाच आहात तर दोन मिनिटं जास्त घ्या. भरलेली ट्रॉली जोडलेली असतानाच फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन बघा, मग रिकामी करून, सोडून परत बघा. आपला ट्रॅक्टर किती उचलतोय ते तिथंच कळतं.

मोळ्या रचताना सगळा भार पुढच्या फळीकडं नको, पण मागंही नको, कारण भार ट्रॉलीच्या एक्सलच्या मागं गेला की हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात आणि रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी हलते. थोडासा भार पुढं, एवढंच. ट्रॅक्टरच्या पुढं कंपनीची वजनं लावा, मागच्या टायरात पाणी भरून पुढचं जड होत नाही. आणि टोचन करताना साखळी टॉपलिंकच्या (मागं वरच्या बाजूला अवजार जोडायच्या दांड्याच्या) जागी कधीच बांधू नका, तिथनं ओढलं की ट्रॅक्टर पाठीवर उलटतो, खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या लोखंडी पट्टीलाच) बांधा.

पिकअपला ट्रॉली लावणाऱ्यांनाही हेच गणित, तिथं तर हुक एक्सलपासनं आणखी लांब असतो, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले आणि हेडलाइट आभाळाकडं दिसले की समजून जा.

चारचाकी ट्रॉली हुकावर फारसं वजन टाकत नाही, पण उताराला मागनं ढकलते, म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल करू नका, आणि रानातनं डांबरीवर चढताना डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलीय का ते खाली वाकून बघा.