परदेशी अनुदानाच्या मालाविरुद्ध काउंटरवेलिंग ड्यूटीचा अर्ज : लोटे-महाडच्या केमिकल कारखानदारांसाठी

खेडला माझं कॉस्ट अकाउंटन्सीचं ऑफिस आहे. लोटे-परशुराम, महाड आणि रोह्याच्या एमआयडीसीतले मध्यम केमिकलवाले हे माझे बहुतेक अशील. त्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार येतं : "मॅडम, चीनचा माल न्हावाशेव्याला उतरतो तो आमच्या कच्च्या मालाच्या भावात. डंपिंगची केस टाकूया." राग रास्त आहे. पण केस कुठली टाकायची हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथेच बरेच जण घाई करतात.

डंपिंगमध्ये दोष निर्यातदाराचा असतो. तो आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा कमी भावाने इथे माल पाठवतो. अनुदानाच्या प्रकरणात निर्यातदारामागे त्याचं सरकार उभं असतं : स्वस्त कर्ज, करमाफी, फुकटात जमीन, कमी दरात वीज. असा कारखाना स्वतःच्या देशातही स्वस्तच विकतो, त्यामुळे डंपिंगच्या हिशेबात कधी कधी काहीच हाती लागत नाही. तिथे काउंटरवेलिंग ड्यूटीचा, म्हणजे परदेशी सरकारच्या अनुदानाची भरपाई म्हणून आयातीवर लावायच्या जादा शुल्काचा, रस्ता आहे. कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ चं कलम ९ आणि १९९५ चे नियम हा त्याचा आधार. दोन्ही शुल्कं एकाच मालावर लागू शकतात, मात्र निर्यात अनुदानामुळे झालेल्या एकाच नुकसानीची भरपाई दोनदा वसूल करता येत नाही.

आपल्याकडे हा रस्ता फार उशिरा वापरात आला. पवनचक्क्यांच्या चिनी कास्टिंग्जवर २०१६ मध्ये शुल्क लागलं, मग स्टेनलेस स्टीलच्या सपाट मालावर २०१७ मध्ये. केमिकलवाल्यांच्या जवळचं उदाहरण सॅकरिनचं. चीनमधून येणाऱ्या सॅकरिनवर २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी २० टक्के शुल्क बसलं. म्हणजे आपल्यासारख्या उत्पादकांनी हे करून दाखवलेलं आहे.

पहिलं काम म्हणजे माणसं मोजायची. देशातल्या त्या रसायनाच्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादन अर्जाच्या उघड पाठीशी लागतं. शिवाय बाजूने आणि विरोधात जे उत्पादक बोलतात, त्यांच्या एकत्रित उत्पादनात पाठिंब्याचा वाटा निम्म्याहून जास्त हवा. समजा देशात वर्षाला १०,००० टन माल बनतो आणि तुमचा २,६०० टन आहे. कोणी विरोध केला नाही तर तुम्ही एकटे पुरेसे. पण ४,००० टनांच्या एखाद्या बड्या उत्पादकाने विरोध नोंदवला की तुमचा अर्ज तिथेच अडला. म्हणून आधी फोन करा, गुजरातमधल्या उत्पादकांना भेटा, पाठिंब्याची पत्रं हातात घ्या. आपल्या कोकणातल्या कारखानदारांना स्पर्धकाशी बोलायचा संकोच वाटतो, पण इथे तो बाजूला ठेवावाच लागेल.

याच टप्प्यावर एक अवघड प्रश्न विचारून घ्या : आपल्यापैकी कोणी तोच माल स्वतः आयात करतं का? बऱ्याच घरांत मुलाच्या नावाने ट्रेडिंग फर्म असते आणि मंदीच्या महिन्यांत ती दोन-चार कंटेनर मागवते. आयात करणारा किंवा निर्यातदाराशी संबंध असलेला उत्पादक 'देशी उद्योगा'तून वगळला जाऊ शकतो. हे लपत नाही. आयातीच्या नोंदींत नाव दिसतं.

मग आयातीचा डेटा. तो कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडून, म्हणजे व्यापाराची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, व्यवहारवार मिळतो. तुमच्या रसायनाला कस्टम्स टॅरिफच्या यादीत स्वतंत्र आठ आकडी कोड असेल तर नशीब समजा. बहुतेक वेळा ते २८ किंवा २९ व्या प्रकरणात 'इतर' या मथळ्याखाली पन्नास वेगळ्या रसायनांबरोबर पडलेलं असतं. मग एकेक ओळ वाचायची. एकाच मालाचं वर्णन एक आयातदार रासायनिक नावाने लिहितो, दुसरा ब्रँडच्या नावाने, तिसरा नुसतं 'टेक्निकल ग्रेड', चौथ्याच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं उलटी. कुठे ड्रम, कुठे आयबीसी टँक, कुठे प्रमाण किलोत तर कुठे टनात. हे काम नुसतं अकाउंटंटवर सोडू नका. तुमच्या लॅबच्या केमिस्टला शेजारी बसवा, कारण ९८ टक्के शुद्धतेची कुठली ओळ खरोखर तुमच्या मालाशी स्पर्धा करते हे त्यालाच कळतं. कुठली ओळ घेतली, कुठली सोडली आणि का, हे वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा. पुढे आयातदारांचे वकील नेमकं तेच विचारतात.

आता अनुदानाचा पुरावा. 'चीन सरकार मदत करतं हे सगळ्यांनाच माहीत आहे' असं अर्जात लिहून भागत नाही. कायद्याला तीन गोष्टी लागतात : सरकारकडून किंवा सरकारी संस्थेकडून आर्थिक मदत, त्यातून कारखान्याला झालेला फायदा, आणि ती मदत ठरावीक उद्योगांपुरती किंवा ठरावीक भागापुरती असणं. सगळ्या देशाला मिळणारी सवलत चालत नाही. निर्यातीवर अवलंबून असलेली सवलत मात्र आपोआप 'ठरावीक' धरली जाते.

पुरावा शोधायच्या जागा तीन. एक, त्या देशाने जागतिक व्यापार संघटनेला स्वतःच कळवलेली अनुदानांची यादी. दुसरी, अमेरिका, युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी केलेल्या चौकशांचे निष्कर्ष. त्यांत योजनांची नावं, कायद्यांची कलमं, सगळं तयार मिळतं. उदाहरणार्थ, चीनमध्ये 'हाय अँड न्यू टेक्नॉलॉजी' दर्जा मिळालेल्या कंपनीला २५ ऐवजी १५ टक्केच आयकर लागतो. सरकारी बँकांची स्वस्त कर्जं, कमी भावाने जमिनीचे हक्क, सरकारी कंपनीकडून बाजारभावाखाली मिळणारा कच्चा माल हेही तिथे वारंवार आलेले मुद्दे. तिसरी जागा मला सगळ्यात आवडते : शेअर बाजारात नोंदलेल्या निर्यातदार कंपनीचा वार्षिक अहवाल. मागच्या पानांवरच्या टिपांत 'सरकारी अनुदाने' असा तक्ता असतो, रकमेसकट. कंपनीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे कागदपत्र नाकारणं कोणालाही जड जातं. भाषांतर मात्र नीट, प्रमाणित करून घ्या.

मदतीची रक्कम मालाच्या किमतीच्या १ टक्क्याच्या आत असेल तर चौकशी बंद होते. विकसनशील देशासाठी ही मर्यादा २ टक्के आहे. त्यामुळे दोन-चार मोठ्या योजना भक्कम मांडाव्यात. चाळीस योजनांची नुसती नावं टाकून फायदा नाही.

यापुढचा भाग माझ्या धंद्याचा आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की निम्म्याहून जास्त ताकद इथेच लावावी. डीजीटीआर, म्हणजे दिल्लीचं व्यापार उपाय महासंचालनालय, तुमचं नुकसान तुमच्याच आकड्यांतून तपासतं : चौकशीचं साधारण एक वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं. क्षमता, उत्पादन, विक्री, साठा, भाव, नफा, रोजगार, सगळं. आणि ते फक्त त्या एका रसायनाचं, संपूर्ण कंपनीचं नाही.

लोट्यातल्या कारखान्यांत नेहमी सापडणारी अडचण सांगते. बॉयलर एक, प्लांट तीन. वाफेचा खर्च तिन्हींवर '४०-३०-३०' असा वर्षानुवर्षं वाटलेला. हे कोणी ठरवलं? जुन्या मॅनेजरने. पडताळणीला आलेला अधिकारी हाच प्रश्न विचारणार आणि 'पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर चालणार नाही. प्रत्येक लाइनवर स्टीम फ्लो मीटर बसवा. तोवर बॅचचं तापमान, वेळ आणि वजन यांवरून उष्णतेचा हिशेब मांडा आणि त्यावर प्रॉडक्शन मॅनेजरची सही घ्या. सॉल्व्हंट रिकव्हरी, बाय-प्रॉडक्टची विक्री, सीईटीपीचं (सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) शुल्क, डिझेल जनरेटर यांचंही तसंच. बॅचशीट, स्टोअरचा इश्यू व्हाउचर आणि कॉस्ट शीट यांतला कच्च्या मालाचा आकडा एकच निघाला पाहिजे. तिथे फरक निघाला की बाकी कागदांवरचा विश्वासही डळमळतो.

या आकड्यांतून अधिकारी 'नुकसान न होणारी किंमत' काढतात. त्यात कच्चा माल आणि वीज-वाफ यांचा वापर गेल्या काही वर्षांतला तुमचा सर्वांत चांगला धरतात, क्षमतेचा वापरही सर्वांत चांगला. म्हणजे तुमच्या ढिलाईचा बोजा आयातदारावर टाकता येत नाही. समजा परदेशी माल बंदरापर्यंत ८० रुपये किलो पडतो. साडेसात टक्के मूळ सीमाशुल्काचे ६ रुपये आणि त्यावरच्या अधिभाराचे ६० पैसे धरले की ८६ रुपये ६० पैसे. आयजीएसटी यात धरायचा नाही. तुमचा कारखान्याच्या दारातला निव्वळ भाव ९२ असेल तर परदेशी माल तुम्हाला साडेपाच रुपयांच्या आसपास खाली कापतो. नुकसान न होणारी किंमत ९७ निघाली तर तफावत १० रुपये ४० पैसे, म्हणजे ८६.६० वर बारा टक्के. हे गणित अर्ज भरण्याआधी घरी करून पाहा. तफावत शून्याजवळ आली तर खर्च करू नका.

महाड आणि चिपळूणच्या मंडळींना एक खास सूचना. २२ जुलै २०२१ च्या पुराचं वर्ष तुमच्या आकड्यांत येत असेल तर ते वेगळं सोडवून दाखवा. चौकशीचं वर्ष २०२४-२५ धरलं तर २०२१-२२ हे पायाचं वर्ष ठरतं. प्लांटमध्ये चिखल, कामगारांची घरं पाण्यात, महामार्ग बंद, त्यामुळे त्या वर्षी उत्पादन आधीच खाली गेलेलं. त्याच्या तुलनेत पुढची वर्षं चांगली दिसतात आणि समोरचा वकील म्हणतो, यांचं तर सुधारलंय! महिनावार आकडे द्या, बंद दिवसांच्या नोंदी, विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल जोडा. उलट, पुरामुळे झालेली घट आयातीच्या नावावर घालायचाही प्रयत्न करू नका. इतर कारणांनी झालेलं नुकसान वेगळं काढणं ही चौकशीची अटच आहे.

अर्ज डीजीटीआरच्या विहित नमुन्यात जातो. लहान-मध्यम उद्योगांसाठी तिथे हेल्प डेस्क आहे, त्याचा वापर करा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती : एक गोपनीय, एक उघड. उघड प्रतीत खरे आकडे न देता निर्देशांक द्यायचे, पहिलं वर्ष १०० आणि पुढची त्या प्रमाणात. 'आमची कॉस्टिंग शेजारच्याला कळेल' या भीतीने बरेच जण मागे हटतात. ती भीती ठेवायचं कारण नाही, पण उघड प्रत तयार करताना एक्सेलमधले लपवलेले रकाने तसेच जाणार नाहीत हे स्वतः तपासा.

चौकशी सुरू करण्याआधी आपलं सरकार त्या देशाच्या सरकारला बोलणीसाठी बोलावतं. मग राजपत्रात सूचना, प्रश्नावल्या, कारखान्यात पडताळणी, तोंडी सुनावणी, ठळक तथ्यांचा मसुदा आणि शेवटी अंतिम निष्कर्ष. साधारण एक वर्ष, वाढवून दीड. तात्पुरतं शुल्क चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लागत नाही आणि चार महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. पडताळणीची तारीख गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आठवड्यात येत असेल तर वेळीच कळवून बदलून घ्या. प्लांट बंद आणि स्टोअरकीपर गावी, अशा वेळी अधिकाऱ्यांना दाखवणार काय?

सुनावणीला तुमचेच गिऱ्हाईक विरोधात उभे राहतील, याची मनाची तयारी ठेवा. तुमचं रसायन वापरून रंग, औषधं किंवा कीटकनाशकं बनवणारा कारखाना त्याच एमआयडीसीत, कदाचित त्याच रस्त्यावर असतो. त्याचंही म्हणणं खरं असतं : कच्चा माल महागला तर त्याची निर्यात अडते. त्याच्याशी आधी बोला. शुल्काचा त्याच्या तयार मालाच्या किमतीवर किती परिणाम होईल हे काढून दाखवा. बऱ्याचदा तो धाक वाटतो त्यापेक्षा कमी असतो, आणि तो आकडा तुमच्या अर्जातही उपयोगी पडतो.

डीजीटीआर फक्त शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवतं, आणि ते नाही म्हणू शकतं. लागलेलं शुल्क उठवलंही जातं : स्टेनलेस स्टीलवरचं शुल्क २०२१ मध्ये स्थगित झालं आणि पुढच्या वर्षी रद्द. निर्णय पटला नाही तर सेस्टॅटमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या अपील न्यायाधिकरणात, ९० दिवसांत अपील करता येतं. वसूल झालेली रक्कम सरकारजमा होते, तुमच्या खात्यात काही येत नाही. तुम्हाला मिळते ती भाव सावरायची संधी, तीही एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची.

अधिसूचना निघाल्यावर महिन्याच्या महिन्याला आयातीचा डेटा पाहत राहा. ज्या देशातून पूर्वी एक ड्रमही येत नव्हता तिथून अचानक कंटेनर सुरू झाले, तर माल वळसा घालून येतोय अशी शंका घ्यावी. सॅकरिनच्या बाबतीत चीनवरचं शुल्क पुढे थायलंडमार्गे येणाऱ्या मालालाही लागू करावं लागलं. आणि मुदत संपायच्या नऊ-दहा महिने आधी पुनरावलोकनाचा, म्हणजे शुल्क पुढे चालू ठेवण्याचा, अर्ज दाखल होईल अशा बेताने तयारी सुरू करा. त्यासाठी तेच स्टीम मीटरचे रीडिंग, त्याच बॅचशीट पुन्हा लागतील, तेव्हा पहिल्या अर्जानंतर नोंदी थांबवू नका.