ॲमिटीव्हिलचे हत्याकांड वाचताना नोंद आणि दंतकथा वेगळी कशी करावी

ॲमिटीव्हिल हे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे झपाटलेले घर उभे राहते. त्या घरात मारली गेलेली सहा माणसे कोण होती, हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येते. या प्रकरणावरचा पुष्कळसा मजकूर उलट्या क्रमाने लिहिलेला आहे. आधी भुते, मग खुनी आणि जागा उरलीच तर मृत. म्हणून वाचणाऱ्याने आपला क्रम आपणच लावून घ्यावा.

सुरुवातीला वहीचे एक पान उभे दुमडून दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात घटना कधी घडली ते लिहावे, आणि उजव्या रकान्यात ती गोष्ट पहिल्यांदा कोणी आणि कधी सांगितली ते लिहावे. काम कारकुनी आहे खरे, परंतु या प्रकरणातील निम्मा गोंधळ उजवा रकाना रिकामा ठेवल्यामुळेच झालेला आहे.

पहिली नोंद 13 नोव्हेंबर 1974 ची. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या या गावात, पहाटे तीनच्या सुमारास, 23 वर्षांच्या रोनाल्ड डिफिओ ज्युनियर याने आपले आईवडील आणि 18, 13, 12 व 9 वर्षांची चार भावंडे यांना मार्लिन रायफलने गोळ्या घातल्या. आईवडिलांना प्रत्येकी दोन गोळ्या लागल्या होत्या, मुलांना एकेक. सर्वजण आपापल्या बिछान्यात पालथे सापडले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तोच जवळच्या मद्यालयात धावत गेला आणि आईवडिलांना कोणीतरी गोळ्या घातल्या आहेत असे सांगून त्याने मदत मागितली. पोलिसांना त्याने प्रथम एका भाडोत्री मारेकऱ्याचे नाव सांगितले. पण त्याच्याच खोलीत रायफलचे रिकामे खोके मिळाले आणि दुसऱ्या दिवशी त्याने कबुली दिली.

या कबुलीत मी सर्वांत जास्त वेळ एका तपशिलापाशी थांबतो. खुनानंतर त्याने अंघोळ केली, कपडे बदलले, रक्ताळलेले कपडे, रायफल आणि काडतुसे यांची विल्हेवाट लावली आणि नेहमीप्रमाणे तो कामावर गेला. हा मुद्देमाल कुठे टाकला तेही त्याने सांगितले. पुढचा सगळा खटला कसा उभा राहिला हे समजून घ्यायचे असेल तर ही सकाळ नीट वाचावी, कारण बचाव पक्षाचे म्हणणे आणि सरकारी पक्षाचे म्हणणे इथेच समोरासमोर येतात.

खटला 14 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाला. बचावाचे वकील विल्यम वेबर यांनी वेडाचा बचाव घेतला: घरचे लोक आपल्याविरुद्ध कट करीत असल्याचे आवाज आरोपीला ऐकू येत होते, असा. सरकारी पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने तो हेरॉईन आणि एलएसडी हे अमली पदार्थ घेत असल्याचे व त्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार असल्याचे मान्य केले, पण आपण काय करीत आहोत हे त्याला कळत होते, असे सांगितले. येथे वाचक हमखास घसरतो. आरोपी मनाने निरोगी होता की नाही, एवढ्यावर असा बचाव ठरत नाही. कृत्याचे स्वरूप आणि त्यातील गैरपणा उमगण्याची क्षमता त्याच्यापाशी होती का, हा खरा प्रश्न असतो. पुरावा लपवून वेळेवर कामाला जाणारा माणूस त्या प्रश्नापुढे अडचणीत येतो.

ज्यूरीने 21 नोव्हेंबर 1975 रोजी त्याला दुसऱ्या श्रेणीच्या खुनाच्या सहा गुन्ह्यांत दोषी ठरवले. ‘दुसरी श्रेणी’ या शब्दांवरून ज्यूरीने काही सवलत दिली असा अर्थ काढू नये. न्यूयॉर्कच्या त्या वेळच्या कायद्यात पहिली श्रेणी पोलिसाची हत्या अशा मोजक्या प्रकारांपुरती राखीव होती आणि जाणूनबुजून केलेला सर्वसाधारण खून दुसऱ्या श्रेणीतच मोडत असे. 4 डिसेंबरला त्याला 25 वर्षे ते जन्मठेप अशा सहा शिक्षा झाल्या. याचा अर्थ 25 वर्षांनी सुटका असा होत नाही. तेवढा काळ गेल्यावर पॅरोल, म्हणजे अटींवर सुटका, मागता येतो, इतकेच. त्याला तो कधीच मिळाला नाही, आणि मार्च 2021 मध्ये तो कैदेतच मरण पावला.

शिक्षेच्या या तारखेखाली वहीत एक जाड रेघ ओढावी. जी गोष्ट पहिल्यांदा या रेघेखाली सांगितली गेली, ती वर नेऊ नये. पुढे तुरुंगातून डिफिओने कधी मारल्या गेलेल्या 18 वर्षांच्या बहिणीवर, कधी आईवर दोष ढकलला आणि साथीदारही पुढे आणले. ही विधाने टाकून देण्याचे कारण नाही, पण ती खटल्यानंतर, गुन्हेगाराच्या तोंडून आणि दरवेळी वेगळी आलेली आहेत, हे उजव्या रकान्यात स्पष्ट दिसले पाहिजे.

दंतकथेला खतपाणी घालणारी एक फट मात्र रेघेच्या वरच आहे. एवढ्या गोळ्या झाडल्या गेल्या, तरी घरातले कोणी उठून पळाल्याचे दिसत नाही. रायफलला आवाज दाबणारे साधन नव्हते आणि कुटुंबाला गुंगीचे औषध दिल्याचाही पुरावा मिळाला नाही, असा तपासाचा निष्कर्ष होता. ही फट फट म्हणूनच लिहावी. ती बुजवायला गेलेल्यांनी साथीदारापासून पिशाच्चापर्यंत सगळे काही आणून बसवले आहे.

राहिली भुते. शिक्षा झाली त्याच महिन्यात लुट्झ कुटुंब त्या घरात राहायला आले आणि 28 दिवसांत निघून गेले. त्या घरातल्या त्यांच्या कथित भुताटकीच्या अनुभवांवरचे पुस्तक 1977 मध्ये आले. 1979 मध्ये वेबर यांनी, ही भयकथा आपण आणि लुट्झ दांपत्याने वाईनच्या बाटल्या रिचवत रचली, असे जाहीरपणे सांगितले. लुट्झ दांपत्याने ते नाकारले. लुट्झ दांपत्य आणि वेबर यांच्यातल्या न्यायालयीन दाव्यात न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनीही पुस्तक बऱ्याच अंशी काल्पनिक दिसते असे मत नोंदवले. येथे वेबर नुसते साक्षीदार नव्हते, खुन्याचे वकीलही होते, एवढे उजव्या रकान्यात टिपून ठेवावे.

छायाचित्रांनाही हीच कसोटी लावावी. माळ्यावरच्या डोळ्यांसारख्या दोन खिडक्या त्या घराला खरोखर होत्या, पण त्या पुढे काढून साध्या खिडक्या बसवण्यात आल्या. आणि या पुस्तकावरच्या 1979 च्या चित्रपटातील घर न्यू जर्सीतील टॉम्स रिव्हर येथले, त्यासाठी सजवलेले होते. तेव्हा चित्राखाली ‘खुनाचे घर’ असे छापलेले दिसले तर आधी ते कोणत्या घराचे आहे आणि कोणत्या साली काढलेले आहे, ते पाहावे.