इंग्रजी क्रियापद नीट कसे शिकावे : ‘डिस्कस’चा नमुना

अर्थ आधी. ‘डिस्कस’ म्हणजे एखादा विषय कोणाशी तरी बोलून सगळ्या बाजूंनी तपासणे. एवढे पुरे.

मग उगम. लॅटिनमधल्या ‘डिस्कुतेरे’चा अर्थ आपटून सुटे करणे. ‘पर्कशन’ आणि ‘कन्कशन’ हे शब्दही त्याच कुळातले. चौदाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आले ते छाननी करणे या अर्थाने. जुन्या वैद्यकात तर सूज उतरवण्यालाही ‘डिस्कस’ म्हणत. उगम जरूर वाचा, त्याने शब्द लक्षात राहतो. पण उगमावरून आजचा वापर ठरवू नका, तसे ठरवणे सपशेल चुकीचे आहे.

आता वापर. आपली माणसे अडतात ती इथे.

‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट’ हे वाक्य मी पदवीधरांच्या अर्जांत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, अगदी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांकडूनही सतत वाचते. ‘अबाउट लावू नका, पाठ करा’ एवढे सांगून काहीही होत नाही, कारण चूक कुठून येते ते कोणी सांगत नाही. मराठीत ‘चर्चा’ हे नाम आणि ‘करणे’ हे क्रियापद. चर्चा हेच कर्म झाल्यामुळे विषयाला ‘वर’ किंवा ‘बद्दल’ लागते. इंग्रजीत सगळी कृती एकट्या ‘डिस्कस’मध्ये असते, म्हणून कर्माची जागा थेट विषयाला मिळते : ‘वी डिस्कस्ड द बजेट’. ‘लग्न करणे’वरून ‘मॅरी विथ’ आणि ‘जोर देणे’वरून ‘एम्फसाइज ऑन’ येते, तेही याच वाटेने. भर म्हणून ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ बरोबर असते, त्यामुळे कान आणखी फसतो.

शंका आली की कर्मणी वाक्य करून पाहा. ‘द बजेट वॉज डिस्कस्ड’ इथे वाक्य पुरे होते. ‘टॉक’चे मात्र ‘द बजेट वॉज टॉक्ड अबाउट’ असे होते, त्याचा ‘अबाउट’ काढता येत नाही. नियमांच्या याद्यांपेक्षा मला ही कसोटी जास्त भरवशाची वाटते. दुसरी गोष्ट, मराठीत ‘आम्ही चर्चा केली’ चालते, पण नुसते ‘वी डिस्कस्ड’ अर्धवट राहते. निदान ‘इट’ तरी हवे. माणूस येतो तो ‘विथ’ने : ‘आय डिस्कस्ड इट विथ माय सिस्टर’.

शब्दकोश कोणता, हेही महत्त्वाचे. इंग्रजी-मराठी कोश अर्थापुरता ठीक, वापरासाठी तो बंद करा. थोरला ऑक्सफर्ड कोश (ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी) अर्थांचा इतिहास मांडतो आणि जुना अर्थ आधी देतो, त्यामुळे शिकणाऱ्याने त्यातला पहिला अर्थ उचलू नये. तुमच्या कामाचा तो लर्नर्स डिक्शनरी प्रकारातला, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या परक्यांसाठीच केलेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. क्रियापदापुढे काय यावे हेच परक्या विद्यार्थ्याला कळत नाही, हे ओळखून त्यांनी वाक्यरचनांचे साचे देणारा कोश केला. तो 1942 मध्ये तिथे निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला. त्या परंपरेतल्या कोशात ‘डिस्कस समथिंग विथ समबडी’ असा साचा दिलेला असतो. अर्थासोबत वहीत तोच उतरवा.

शेवटी त्या साच्यात स्वतःच्या कामाची चारपाच वाक्ये लिहा आणि मोठ्याने म्हणा.