पद्मिनीचा सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता कृपा करून प्रीमियर पद्मिनी गाडीचं कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) लगेच उघडू नका. पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) चालणाऱ्या या इंजिनात दोष बहुतेक वेळा करंटमध्येच असतो, आणि करंट तपासायला दोन मिनिटं पुरतात.

डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) याच्या कॅपच्या मधली, कॉइलकडून (व्होल्टेज वाढवणारा भाग) येणारी जाड वायर, म्हणजे लीड, काढा. सुक्या लाकडी चिमट्याने तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून 5-6 मिमी लांब धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडकडणारी हवी. पिवळसर, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसली तरी कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबात, टिकत नाही.

ठिणगीच नसेल तर 12 व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. सेल्फ फिरताना बल्ब लुकलुकला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर काजळी किंवा तेल बसलंय, किंवा कॉइल आणि पॉइंटमधली वायर तुटली आहे. पेटलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी दाबणारा भाग) शॉर्ट आहे किंवा सप्लाय येत नाही. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा, गॅप साधारण 0.4 मिमी ठेवा. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल तर आधी कंडेन्सर बदला. नाहीतर नवे पॉइंटही जळतील.

कॉइलला ठिणगी आहे, प्लगला नाही? मग कॅप किंवा रोटर (कॅपखाली फिरणारा, करंट वाटणारा तुकडा). पावसाळ्यात कॅप आतून सुकी पुसून बघा. कॅपच्या आतला मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर हलतो का, तेही दाबून बघा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली आणि ती पुसली जात नसेल, तर करंट तिथूनच पळतोय, कॅप बदलाच. सेल्फ मारताना रोटर फिरतच नसेल तर टायमिंग चेन किंवा डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह गेला.

ठिणगी चांगली असूनही कार्बोरेटरमधून फटाका वाजत असेल तर कॅपवरून प्लगांकडे जाणाऱ्या लीडचा क्रम सिलिंडरनुसार 1-3-4-2 आहे का बघा.

आता पेट्रोल. प्लग काढून बघा; ओला निघाला तर तो पुसून परत बसवा, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी दांडी) आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पंप करू नका) आणि दहा सेकंद सेल्फ मारा. कोरडा असेल तर ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची सप्लायची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरला पेट्रोल आणणारा पाइप बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने उडायला हवं. येत नसेल तर टाकी, फिल्टर, मग पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) बघा. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

एवढं करूनही पकडत नसेल तर कॉम्प्रेशन मोजा: चारही प्लग काढून, कॉइलची सप्लायची वायर सुटी ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.