‘एकोणसाठ’ चुकणाऱ्या मुलांसाठी स्क्रॅचमध्ये खेळ कसा तयार करावा

वर्गासाठी खेळ तयार करायचा असेल, तर संगणक उघडण्याआधी मुलांच्या वह्या उघडाव्यात. ‘एकोणसाठ’ ऐकून कोणी ६९ लिहितो, ‘त्रेसष्ट’ ऐकून कोणी ३६. कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि ‘एकोण’ असलेल्या संख्येत तर पुढच्या दशकाचेच नाव येते. अशा वारंवार चुकणाऱ्या दहाच संख्या निवडाव्यात.

स्क्रॅच म्हणजे आज्ञांचे तयार ठोकळे एकमेकांना जोडून खेळ बनवण्याची संगणकभाषा. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच या कामाला पुरेसे आहे. ते विनामूल्य असून शाळेत इंटरनेटचा भरवसा नसल्यास त्याचे ऑफलाइन ॲप एकदाच उतरवून घेता येते.

‘व्हेरिएबल्स’ विभागात ‘शब्द’, ‘अंक’ आणि ‘मदत’ अशा तीन याद्या करून त्या एकाच क्रमाने भराव्यात. मग ‘साउंड्स’मध्ये प्रत्येक संख्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून त्या ध्वनीला ‘शब्द’ यादीतलेच नाव द्यावे. ओळखीच्या आवाजाने मुले लवकर रमतात. ‘क्रम’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे बदलती किंमत साठवणाऱ्या जागेत, ‘पिक रँडम’ने १ ते १० मधील कोणताही एक आकडा ठेवावा, त्या क्रमांकाचा शब्द ‘प्ले साउंड अनटिल डन’च्या खाचेत बसवावा आणि ‘आस्क अँड वेट’ने उत्तर विचारावे. त्याखाली उत्तर बरोबर येईपर्यंत पुन्हा विचारणारा ‘रिपीट अनटिल’ ठोकळा लावून उत्तर ‘अंक’ यादीतील त्याच क्रमांकाच्या आकड्याशी ताडावे.

येथे एक अडचण हमखास येते. ‘अंक’ यादीत इंग्रजी अंक असतील आणि मुलाने मराठी कळफलकावरून ‘५९’ लिहिले, तर स्क्रॅचला ते दोन्ही सारखे वाटत नाहीत आणि बरोबर उत्तर देणारे मूल चुकीचे ठरते. असे होऊ देऊ नये. देवनागरी अंकांची चौथी यादी करून दोन्ही तुलना ‘ऑर’ने जोडाव्यात.

सर्वांत जास्त वेळ ‘मदत’ यादीला द्यावा, कारण नुसते ‘चूक’ म्हटल्याने मुलाला काहीच कळत नाही. ‘साठाला एक कमी, म्हणून एकोणसाठ’, ‘साठ आणि वर तीन, म्हणजे त्रेसष्ट’ अशी वाक्ये लिहावीत. नव्व्याण्णवमध्ये ‘एकोण’ नसल्याने त्याचे वाक्य वेगळे करावे. ‘रिपीट अनटिल’च्या आत तोच ध्वनी पुन्हा वाजवून हे वाक्यच ‘आस्क’मध्ये प्रश्न म्हणून ठेवावे. वेळमर्यादा मात्र घालू नये. सावकाश विचार करणाऱ्या मुलांवर तो अन्याय होतो.

फाइल जतन केल्यावर आधी दोनच मुलांना खेळायला बसवावे, आपण शेजारी गप्प बसावे आणि ती जिथे अडखळतील ती वाक्ये त्याच दिवशी बदलावीत.