शपथविधीच्या भाषणाचा अभ्यास कसा करावा : केनेडी, १९६१

पुण्यातील महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘देश तुमच्यासाठी काय करू शकतो हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करू शकता हे विचारा.’ जॉन केनेडी यांनी २० जानेवारी १९६१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर केलेल्या भाषणातील हे वाक्य आपल्याकडे बहुधा समारोपाला जोडले जाते, आणि आधीच्या मांडणीशी त्याचा धागा जुळलेला नसला की टाळ्या मिळूनही ते कोणाच्या मनात राहत नाही. त्या वाक्याचे बळ कोठून आले हे जाणायचे असेल, तर संपूर्ण भाषण हाती घ्यावे. ते सुमारे चौदा मिनिटांचे आहे आणि त्याची संहिता व ध्वनिमुद्रण दोन्ही सहज मिळतात.

पहिल्या वाचनात अलंकारांकडे लक्ष देऊ नये. वक्ता कोणाला उद्देशून बोलत आहे, एवढेच समासात लिहीत जावे. जुने मित्रदेश, वसाहतींच्या जोखडातून नुकतेच सुटलेले देश, जगभरच्या झोपड्यांत आणि खेड्यांत राहणारी गरीब माणसे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रजासत्ताके, संयुक्त राष्ट्रे आणि शेवटी प्रतिस्पर्धी राष्ट्रे, असा क्रम आपल्याला दिसेल. मित्रांना आणि गरिबांना वचन, प्रतिस्पर्ध्यांना मात्र विनंती, हा फरकही टिपून ठेवावा. एवढे झाल्यावरच केनेडी आपल्या नागरिकांकडे वळतात आणि यशापयश माझ्यापेक्षा तुमच्या हाती आहे, असे सांगतात. जगाला इतके शब्द दिले, ते निभावणार कोण, हा प्रश्न तोवर श्रोत्याच्या मनात उभा राहिलेला असतो, आणि ते प्रसिद्ध वाक्य त्याचेच उत्तर म्हणून येते. माझ्या मते या भाषणाचे खरे कौशल्य या क्रमात आहे.

दुसरे वाचन मोठ्याने करावे. ‘भीतीपोटी वाटाघाटी करू नयेत, पण वाटाघाटींना भिऊही नये’ यासारख्या वाक्यांत तेच शब्द उलट क्रमाने येतात; अमेरिका आणि तिचे प्रतिस्पर्धी या ‘दोन्ही बाजूंनी’ हे आवाहन सलग चार परिच्छेदांच्या आरंभी येते. कोठे श्वास घ्यावा लागतो, तेथे पेन्सिलीने खूण करावी.

यानंतर भाषणात काय नाही, ते शोधावे. देशांतर्गत प्रश्न जवळजवळ गैरहजर आहेत. वर्णभेदाचा प्रश्न त्या काळी धगधगत असूनही मानवी हक्कांच्या वाक्यात मायदेशाचा केवळ ओझरता उल्लेख येतो. याच्या शेजारी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे ४ मार्च १८६५ चे, दुसऱ्या शपथविधीचे, जेमतेम सातशे शब्दांचे भाषण ठेवावे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले असताना, विजय दृष्टिपथात असताना, लिंकन गुलामगिरीचे पाप संपूर्ण राष्ट्राच्या माथी असल्याचे बोलून दाखवतात आणि कोणाविषयीही द्वेष न बाळगण्याचे आवाहन करतात. स्वतःच्या बाजूलाही दोष देण्याचे हे धैर्य मला केनेडींच्या भाषणापेक्षा मोठे वाटते.

प्रभावाचा विचार करताना वाक्याची कीर्ती आणि त्यातून घडलेली कृती वेगळ्या नोंदवाव्यात. केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, आदेश काढून पीस कोअर या परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना केली आणि हजारो तरुण स्वयंसेवक परदेशांत काम करण्यास गेले. स्वातंत्र्यासाठी ‘कोणतीही किंमत मोजू, कोणताही भार वाहू’ हे वचनही याच भाषणातले. व्हिएतनामचे युद्ध चिघळल्यावर टीकाकारांनी नेमके त्याच्यावर बोट ठेवले. दोन्ही परिणाम लिहिल्याशिवाय टिपण पूर्ण मानू नये.

आता हा अभ्यास स्वतःच्या भाषणाला लावावा. समजा, विषय मुळा-मुठेच्या प्रदूषणाचा आहे आणि शेवटी पुणेकरांकडे काही मागायचे आहे. मग नदीकाठच्या वस्त्या, पुढे भीमेच्या पाण्यावर अवलंबून असलेली गावे आणि उजनीच्या जलाशयावर जगणारी माणसे यांचे आपण काय देणे लागतो, ते आधी एकेक करून सांगावे आणि मागणी त्यानंतरच मांडावी. मसुदा तयार झाल्यावर समारोपाचे वाक्य वगळून उरलेले भाषण एखाद्या मित्राला वाचून दाखवावे आणि वक्ता आता आपल्याकडे काय मागेल, असे त्याला विचारावे. त्याला अंदाज बांधता आला नाही, तर समारोपाला हात न लावता आधीचे परिच्छेद पुन्हा लिहावेत.