दोन प्रमाणांची तुलना कशी करावी : साल्क लसीच्या आकड्यांवरून

१९५४ साली अमेरिकेत डॉ. जोनास साल्क यांच्या पोलिओ-लसीचा जो प्रचंड प्रयोग झाला, त्याच्या एका भागात पहिली ते तिसरीतल्या, पालकांची संमती मिळालेल्या मुलांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोडून, दोन गट पाडले होते. एका गटातील २,००,७४५ मुलांना लस टोचली. दुसऱ्या गटातील २,०१,२२९ मुलांना दिसायला हुबेहूब तशीच, पण लस नसलेली सुई टोचली. कोणाला काय टोचले आहे हे मुलांनाही ठाऊक नव्हते आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. पुढे लस घेतलेल्या गटात पोलिओचे ५७ रुग्ण निघाले आणि दुसऱ्या गटात १४२. दोन प्रमाणांची तुलना शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही, कारण या एकाच प्रयोगात पद्धतीचे बळ दिसते आणि तिच्या मर्यादाही दिसतात.

सुरुवातीला दोन्ही प्रमाणे काढावीत. १४२ ला २,०१,२२९ ने भागल्यास ०.०००७०५७ येते आणि ५७ ला २,००,७४५ ने भागल्यास ०.०००२८३९. इतक्या शून्यांशी झटापट करण्यापेक्षा आणि चौथ्या दशांश स्थळी आकडे तोडून सगळे गणित बिघडवण्यापेक्षा 'दर लाखी' भाषेत बोललेले बरे : लस नसलेल्या गटात लाखाला ७०.५७ रुग्ण, लस घेतलेल्या गटात लाखाला २८.३९, आणि फरक ४२.१७. (मराठीत 'प्रमाण' हा शब्द हिश्श्यालाही लावतात आणि मानकालाही, घोटाळा टाळण्यासाठी येथे तो केवळ हिश्श्यासाठी वापरला आहे आणि नमुन्यागणिक होणाऱ्या चढउताराच्या मापाला 'मानक त्रुटी' म्हटले आहे.)

आता प्रश्न असा की लसीचा काहीही उपयोग नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा फरक पडला असता का? येथे शून्य परिकल्पना अशी मांडतात की दोन्ही समष्टींमधील (म्हणजे हे गट ज्यांचे नमुने आहेत त्या साऱ्या समूहांतील) प्रमाणे समान आहेत. पर्यायी परिकल्पना अशी की ती समान नाहीत. लस अपाय करण्याचीही शक्यता असल्यामुळे येथे दुहेरी बाजूची, म्हणजे दोन्ही दिशांचा फरक जमेस धरणारी, चाचणीच योग्य ठरते. ही निवड आणि सार्थकतेची पातळी (शून्य परिकल्पना खरी असूनही ती चुकून नाकारण्याचा किती धोका पत्करायचा ते), बहुधा ०.०५, आकडे पाहण्यापूर्वी ठरवायची असते. फरक कोणत्या दिशेला पडला हे पाहून मग एकेरी चाचणी निवडणे म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसण्यासारखे आहे.

शून्य परिकल्पना खरी धरली, की दोन्ही गट एकाच प्रमाणाचे नमुने ठरतात. म्हणून त्या समान प्रमाणाचा अंदाज दोन्ही गट एकत्र करून घ्यावा. एकूण रुग्ण १९९, एकूण मुले ४,०१,९७४, म्हणून एकत्रित प्रमाण लाखाला ४९.५१. मानक त्रुटीचे सूत्र असे :

मानक त्रुटी = √[ प × (१ − प) × (१/न१ + १/न२) ]

यात प हे एकत्रित प्रमाण आणि न१, न२ ही दोन गटांतील मुलांची संख्या. आकडे घातल्यावर मानक त्रुटी लाखाला ७.०२ येते. फरकाला तिने भागल्यावर मिळते ते झेड-मूल्य :

झेड = ४२.१७ ÷ ७.०२ = ६.०१

पाच टक्के पातळीची सीमा १.९६ आहे, आपण तिच्या कितीतरी पलीकडे आहोत. शून्य परिकल्पना खरी असती तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता, म्हणजेच पी-मूल्य, पन्नास कोटींत एकाहूनही कमी आहे. हे मूल्य म्हणजे 'लस निरुपयोगी असण्याची संभाव्यता' नव्हे. ते शून्य परिकल्पना खरी आहे असे गृहीत धरूनच काढलेले असते, त्यामुळे त्या गृहीतकाच्या खरेपणाची टक्केवारी त्यातून निघू शकत नाही. ही चूक शिकवणारेसुद्धा करतात.

घटना दुर्मीळ असेल आणि दोन्ही गट जवळजवळ सारखे असतील, तर या गणिताचा एक सोपा ताळा आहे : रुग्णसंख्यांमधील फरकाला त्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे. १४२ उणे ५७ म्हणजे ८५, १९९ चे वर्गमूळ १४.१, आणि भागाकार ६.०३. या ताळ्यात मुलांची संख्या कोठेच येत नाही, यावरून दुर्मीळ घटनांच्या बाबतीत माहितीचे खरे वजन लाखांच्या नमुन्यात नसून मोजक्या रुग्णांत असते हे ध्यानात यावे.

चाचणीने फरक योगायोगाचा नाही एवढे सांगितले. तो किती मोठा आहे हे विश्वासांतर, म्हणजे खऱ्या फरकाचा अंदाज देणारा दोन आकड्यांमधील पट्टा, सांगते. माझ्या मते अहवालात जागा एकाच गोष्टीपुरती असेल, तर विश्वासांतरच द्यावे. ते काढताना मात्र दोन प्रमाणे समान आहेत असे आपण मानत नसतो, म्हणून गट एकत्र न करता प्रत्येकाची त्रुटी वेगळी धरावी लागते (प१, प२ ही दोन गटांची प्रमाणे) :

मानक त्रुटी = √[ प१(१ − प१)/न१ + प२(१ − प२)/न२ ]

येथे ती लाखाला ७.०१ येते. तिला १.९६ ने गुणल्यावर १३.७५, म्हणून ९५ टक्के विश्वासांतर ४२.१७ ± १३.७५, म्हणजे लाखाला २८.४ पासून ५५.९ पर्यंत. शून्य या अंतरात नाही, म्हणजे चाचणीशी मेळ बसतो. दोन सूत्रांतला फरक येथे नगण्य असला, तरी निकाल सीमेवर असताना चाचणी एक सांगते आणि विश्वासांतर दुसरेच, असे क्वचित घडू शकते. त्याचे कारण ही दोन वेगळी सूत्रेच होत. '९५ टक्के' हे विशेषण पद्धतीचे आहे : असे प्रयोग पुनःपुन्हा केले, तर अशा रीतीने काढलेल्या अंतरांपैकी सुमारे ९५ टक्के अंतरे खऱ्या फरकाला सामावून घेतील.

ही सारी पद्धत सामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, आधारावर उभी आहे, आणि तो आधार प्रत्येक गटात 'घडले' व 'घडले नाही' अशा दोन्ही संख्या किमान दहाच्या आसपास असतील तरच भक्कम असतो. ही अट किती महत्त्वाची आहे ते याच प्रयोगातील मृत्यूंवरून दिसते. लस नसलेल्या गटात पोलिओने ४ मुले दगावली, लस घेतलेल्या गटात एकही नाही. वरचे सूत्र डोळे मिटून वापरले तर झेड बरोबर २.०० येते, म्हणजे १.९६ च्या किंचित पुढे, आणि 'मृत्यूंतील फरक सार्थ' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. आता नेमकी संभाव्यता पाहा. गट जवळजवळ सारखे असल्यामुळे, लसीचा परिणाम नसता तर प्रत्येक मृत्यू कोणत्या गटात पडावा ही नाणेफेकच झाली असती. चारही नाणी एकाच ठरावीक बाजूला पडण्याची संभाव्यता १/१६. दोन्ही दिशा धरल्या तर १/८, म्हणजे ०.१२५. केवळ या चार मृत्यूंवरून काहीच सिद्ध होत नाही. संख्या लहान असतील तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची नेमकी चाचणी वापरतात, ती याच तऱ्हेच्या मोजणीवर चालते.

याहून मोठा सापळा वेगळाच आहे, आणि त्यात गणित अगदी बिनचूक असते. याच भागात पालकांच्या संमतीअभावी किंवा अन्य कारणाने काहीच न टोचलेली ३,३८,७७८ मुले होती आणि त्यांच्यात १५७ रुग्ण निघाले, म्हणजे लाखाला ४६.३. लस नसलेली सुई टोचलेल्या गटाचा दर लाखाला ७०.६. वरील कृतीने झेड ३.६६ येते, म्हणजे फरक निर्विवादपणे सार्थ. पण लस यांपैकी कोणालाच मिळालेली नव्हती! मग फरक आला कोठून? संमती देणारी कुटुंबे सरासरीने अधिक सुस्थितीतील होती. अस्वच्छ परिसरातल्या मुलांना हा विषाणू बहुधा तान्हेपणीच गाठतो, आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे संसर्ग सौम्य राहतो आणि पुढचे संरक्षण आपोआप मिळते. सुस्थितीतील मुलांच्या वाट्याला असा संसर्ग लवकर येत नाही, म्हणून शाळकरी वयात त्यांना धोका अधिक असतो. झेडला यातले काहीच कळत नाही. प्रमाणे वेगळी आहेत एवढेच ते सांगते. ती कोणामुळे वेगळी झाली याचे उत्तर गट कसे पाडले यात असते.

प्रयोगाच्या दुसऱ्या भागात गट यादृच्छिक पाडलेच नव्हते. तेथे दुसरीतल्या, संमती मिळालेल्या २,२१,९९८ मुलांना लस टोचली आणि पहिली व तिसरीतल्या सगळ्याच, एकूण ७,२५,१७३ मुलांवर नुसते लक्ष ठेवले. लस घेतलेल्यांत ५६ रुग्ण निघाले, तुलनेच्या गटात ३९१; म्हणजे लाखाला २५.२ आणि ५३.९. एका बाजूला फक्त संमतीवाली मुले आणि दुसऱ्या बाजूला संमती न देणाऱ्या घरांतलीही मुले मिसळलेली, त्यामुळे तीच लस असूनही फरक लाखाला ४२.२ च्या ऐवजी २८.७ एवढाच दिसला.